रॉकेटच्या टोकावरचा छोटा मनोरा

३ एप्रिल १९८४ रोजी कझाकस्तानातल्या बैकानूरहून सोयूझ टी-११ हे यान उडालं, तेव्हा त्यात तीन माणसं होती. त्यातलं राकेश शर्मा हे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. कमांडर होते युरी मालिशेव. तिसरे होते गेन्नादी स्त्रेकालोव, फ्लाइट इंजिनियर. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. पण माणसांना कक्षेत नेणारं रॉकेट इतर रॉकेटांहून वेगळं का असतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी असं मला वाटतं. त्याच्या अवघे सहा महिने आधी ते अशाच एका रॉकेटच्या टोकावर पाठीवर पडून होते, आणि ते रॉकेट त्यांच्याखाली जळत होतं.

मॉस्कोच्या घड्याळात २६ सप्टेंबर १९८३ची रात्र, साडेअकरा वाजून गेलेले. यानात व्लादिमीर तितोव आणि स्त्रेकालोव असे दोघेच. उड्डाणाला दीड-दोन मिनिटं उरलेली असताना खालच्या एका बूस्टरमधली, म्हणजे सुरुवातीचा जोर देणाऱ्या बाजूच्या रॉकेटमधली, झडप नीट बंद झाली नाही, इंधन सांडलं आणि पेट घेतला. आतल्या दोघांना यातलं काही दिसत नव्हतं, कारण यानाभोवती संरक्षक आवरण असतं आणि खिडक्या त्याखाली झाकलेल्या असतात. त्यांना जाणवली ती फक्त थरथर.

सोयूझमध्ये आणीबाणीला यान रॉकेटपासून ओढून नेणारी यंत्रणा असते. ती सुरू करण्याचं बटण अंतराळवीरांच्या हातात नव्हतं, ते काम जमिनीवरच्या लोकांचं होतं. पण आगीत तारा जळाल्या आणि तारेतून जाणारा आदेश वर पोचेना. मग उरला रेडिओचा मार्ग. तिथेही नियम असा, की दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोघांनी जवळपास एकाच वेळी कळ दाबली, तरच आदेश सुटणार. एकाच्या चुकीने एवढी मोठी गोष्ट घडू नये म्हणून तो नियम केलेला. त्या रात्री मात्र त्यातच मोलाचे सेकंद गेले.

शेवटी दोन्ही कळा दाबल्या गेल्या. टोकावरच्या मनोऱ्यातलं घन इंधनाचं रॉकेट धडाडलं आणि यान वर खेचलं गेलं. पुढच्या काही सेकंदांत खालचं रॉकेट कोसळून फुटलं. पाचेक सेकंद त्या दोघांनी १४ ते १७ जी इतका दाब सोसला. साठ किलोच्या माणसाला आपलं वजन नऊशे-हजार किलो झाल्यासारखं वाटावं, इतका. मग पॅराशूट उघडलं आणि साधारण चार किलोमीटरवर दोघे उतरले. अंग ठणकत होतं, पण जिवंत होते. उड्डाणतळ कित्येक तास जळत राहिला.

हे रॉकेट अयशस्वी ठरलं, यात शंका नाही. तरी माणसांचं रॉकेट म्हणून ते आपल्या कामाला जागलं, असं मी म्हणेन. उपग्रह नेणाऱ्या रॉकेटकडून आपण एवढंच मागतो, की त्याने वर पोचवावं. माणसं नेणाऱ्या रॉकेटकडून त्याआधी आणखी एक मागणं असतं: तुला जमलं नाही, तर आमची माणसं सोडून दे. तळावर उभं असल्यापासून कक्षेत पोचेपर्यंत प्रत्येक सेकंदाला त्यांच्यासाठी सुटकेची वाट हवी. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका मागणीभोवती फिरतं.

आधी, वर जाणं एवढं अवघड का, ते पाहू.

आपल्याला वाटतं अंतराळ फार उंच आहे. अंतर तसं फार नाही. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं, म्हणजे मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब, जवळपास तेवढंच. अडचण उंचीची कमी आणि वेगाची जास्त. सिंहगडाच्या कड्यावर उभं राहून दगड भिरकावला तर तो वळण घेत खाली दरीत पडतो. आणखी जोरात फेकला तर आणखी लांब पडतो. आता वाटेत हवा नाही आणि फेकणाऱ्याच्या दंडात हवं तेवढं बळ आहे, असं समजा. एक वेग असा येतो, की दगड खाली पडतच असतो, पण पृथ्वीही गोल असल्यामुळे त्याच्याखालून तेवढीच वळत जाते. सेकंदाला तो जेमतेम पाच मीटर खाली येतो, आणि तेवढ्यात तो इतका पुढे गेलेला असतो की जमीनही तेवढीच खाली सरकलेली असते. दगड पडत राहतो, पण टेकत नाही. कक्षा म्हणजे हेच पडत राहणं.

हा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर आहे. दादरहून मस्जिद बंदर साधारण एका सेकंदात. तासाला २८,००० किलोमीटर. शंभर किलोमीटर उंच जाऊन लगेच खाली येणाऱ्या उड्डाणाला यातला फार थोडा भाग लागतो, म्हणून 'अंतराळात जाऊन येणं' आणि 'कक्षेत जाणं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एवढा वेग द्यायचा तर इंधन प्रचंड लागतं, त्या इंधनाचंही वजन उचलावं लागतं, आणि ते उचलायला पुन्हा इंधन. आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटचं उड्डाणाच्या वेळचं वजन साधारण ६४० टन आहे. त्यातून पृथ्वीजवळच्या कक्षेत पोचतं ते आठेक टन. एसटीत पन्नास माणसं बसतात आणि डिझेलची टाकी कुठेतरी खाली असते. इथे सगळी गाडीच टाकी आहे, आणि टपावर तीन माणसांची खोली. रिकामी झालेली टाकी ओढत नेणं परवडत नाही म्हणून ती वाटेत सोडून द्यायची, यालाच टप्पे म्हणतात. प्रत्येक टप्पा सुटताना काहीतरी तुटायचं असतं, काहीतरी पेटायचं असतं, आणि दोन्ही ठरल्या क्षणी व्हायचं असतं. घात होण्याच्या जागा बहुतेक इथेच असतात.

इंधन दोन प्रकारचं, आणि माणसांच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. घन इंधनाचा बूस्टर म्हणजे तत्त्वतः दिवाळीतला बाण. वात पेटली की मागे फिरणं नाही, दारू संपेपर्यंत तो जळणार. द्रव इंधनाचं इंजिन म्हणजे गॅसची शेगडी. कॉक फिरवला की बंद. घन बूस्टर साधा, दणकट आणि अफाट ताकदीचा असतो, म्हणून तो वापरायचा मोह कुणालाही होतो. पण त्याला 'थांब' म्हणता येत नाही.

सोयूझचं रॉकेट सगळं द्रव इंधनावर चालतं. इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेल, आणि जोडीला द्रवरूप ऑक्सिजन. ते पेटवण्याची पद्धत मला फार आवडते. रॉकेटच्या बुडाशी लहानमोठे मिळून ३२ ज्वलनकक्ष असतात. त्यांत खालून लाकडी काड्या सरकवतात, बर्च झाडाच्या, टी अक्षराच्या आकाराच्या आणि माणसाहून उंच. त्यांच्या टोकाला ज्वालाग्राही पुड्या बांधलेल्या असतात. अगदी आगपेटीची काडीच, फक्त राक्षसी. पुडी पेटली की तिच्यावर ताणलेली तार जळून तुटते. ती तुटली म्हणजे ज्योत लागली, हे यंत्रणेला कळतं. सगळीकडून तशी खूण आली की मगच इंधनाच्या झडपा उघडतात. तेही एकदम नाही. आधी मंद आच, मग मध्यम, सगळं ठीक दिसलं की पूर्ण जोर. कुठे खोट आढळली तर रॉकेट जमिनीवरून हलण्याआधीच बंद करता येतं. १९५०च्या दशकात सेर्गेई कोरोल्योव यांच्या चमूने अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बनवलेल्या आर-७ क्षेपणास्त्राचा हा वारसा आहे. १२ एप्रिल १९६१ला गागारिनना घेऊन गेलं ते याच घराण्यातलं रॉकेट, आणि आज उडणारं सोयूझही त्याच घराण्यातलं.

आत बसलेल्या माणसाची सोयही बघण्यासारखी आहे. 'बसलेला' म्हणतो खरं, पण तो पाठीवर आडवा असतो, गुडघे छातीकडे घेतलेले. रॉकेटचा जोर डोक्याकडून पायांकडे आला तर रक्त पायांत उतरून माणूस बेशुद्ध पडेल, पण छातीकडून पाठीकडे आला तर शरीर बरंच सोसू शकतं. सोयूझमध्ये प्रत्येकाच्या पाठीचा साचा प्लास्टरमध्ये घेऊन त्यावरून त्याच्या एकट्याच्या मापाचं अस्तर बनवतात. दुसऱ्याचं अस्तर चालत नाही. नेहमीच्या उड्डाणात चार जीच्या आसपास दाब येतो, तेव्हा हे नुसतं आरामाचं वाटेल. पण १९८३च्या त्या रात्रीसारखा पंधरा-सतरा जीचा झटका आला, तर पाठीच्या मणक्याला आधार देणारं तेवढंच असतं.

आता तो मनोरा. सोयूझचा, अपोलोचा किंवा आपल्या गगनयानाचा फोटो पाहिलात तर अगदी वर, यानाच्याही वर, एक बारीक सुळका दिसेल. त्यात घन इंधन असतं, आणि इथे घन इंधनच हवं, कारण क्षणात पूर्ण जोर देण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. खालचं रॉकेट बिघडलं की हा सुळका माणसांची कुपी उचलून वर आणि बाजूला नेतो. नुसतं वर नेऊन भागत नाही. तळावरच्या अपघातात पॅराशूट उघडण्याएवढी उंची मिळाली पाहिजे, आणि उतरण्याची जागा आगीपासून दूर असली पाहिजे.

काही यानांत ओढण्याऐवजी ढकलण्याची सोय असते. स्पेसएक्सच्या ड्रॅगनमध्ये यानाच्या अंगातच आठ इंजिनं बसवलेली आहेत. जानेवारी २०२०मध्ये त्यांनी भर उड्डाणात यान मुद्दाम सुटं करून दाखवलं आणि त्याच वर्षी ३० मेला त्यातून दोन माणसं कक्षेकडे निघाली. जून २०२५मध्ये शुभांशु शुक्ला गेले तेही याच जातीच्या यानातून.

अवघड भाग पुढे आहे. सुटका करायची, हे ठरवणार कोण? सेकंदाच्या अंशात निर्णय घ्यायचा तर माणसाच्या हाती ठेवून चालत नाही. म्हणून रॉकेटभर संवेदक लावलेले असतात. दाब, कंपन, तापमान, कलण्याचा वेग असं सगळं सतत मोजलं जातं, आणि मर्यादा ओलांडली की संगणक निर्णय देतो. पण संवेदकही चुकतो. आणि चुकला तर? १४ डिसेंबर १९६६ला बैकानूरला माणसांविना एका सोयूझची चाचणी होती. इंजिनं नीट पेटली नाहीत, उड्डाण रद्द झालं, आणि माणसं तळावर परतून कामाला लागली. घूर्णदर्शी, म्हणजे दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या चकत्या, अजून चालू होत्या. चकती आपली दिशा सोडत नाही, पण पृथ्वी फिरत असते आणि तिच्यासोबत तळावर उभं असलेलं रॉकेटही. अर्ध्या तासाच्या आसपास तो फरक एवढा वाढला, की यंत्रणेला वाटलं रॉकेट कलंडतंय. तिने इमानेइतबारे यान सोडवून नेलं. त्या धगीने खाली आग लागली, रॉकेट फुटलं आणि तळावर जीवितहानी झाली. सुटकेची यंत्रणा हीसुद्धा डोक्यावर ठेवलेली जिवंत दारू आहे. तिला भित्रं करून चालत नाही आणि बेफिकीरही करून चालत नाही. माणसांच्या रॉकेटवर वर्षानुवर्षं चाचण्या का चालतात, याचं निम्मं उत्तर मला इथे सापडतं.

दुसरी गोष्ट, एकच उपाय सगळीकडे लागू पडत नाही. मनोरा जड असतो, तो कक्षेपर्यंत वाहून न्यायचा म्हणजे तेवढं बाकीचं सामान कमी. म्हणून हवा विरळ झाली की तो टाकून देतात. सोयूझवर हे दोन मिनिटांच्या जरा आधी होतं. मग पुढे? ११ ऑक्टोबर २०१८ला नेमका हाच प्रश्न आला. सोयूझ एमएस-१० मध्ये अलेक्सेई ओव्चिनिन आणि निक हेग. सुमारे दोन मिनिटांनी चार बाजूंचे चार बूस्टर सुटायचे होते. तीन नीट सुटले, चौथा मधल्या भागावर आदळला. पुढे चौकशीत निघालं, की जुळणी करताना एक छोटा संवेदक वाकला होता. मनोरा तर काही सेकंदांपूर्वीच टाकून दिलेला. पण यानाभोवतीच्या आवरणावर आणखी छोटी रॉकेटं बसवलेली होती, अगदी याच मधल्या वेळेसाठी. त्यांनी यान बाजूला काढलं. ते ९३ किलोमीटर उंचीपर्यंत वर जाऊन खाली आलं, पावणेसात जीपर्यंत दाब आला, आणि उडाल्यापासून वीसेक मिनिटांत दोघे कझाकस्तानच्या गवताळ माळावर उतरले होते. पुढच्या मार्चमध्ये तेच दोघे पुन्हा सोयूझमध्ये चढले आणि या वेळी स्थानकावर पोचले.

आवरणही गेलं की तिसरी पायरी: यान स्वतः सुटं होतं आणि स्वतःच्या बळावर परततं. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. रॉकेट कोणत्या वाटेने चढतं, यावर माणसांचं जगणं अवलंबून असतं. उपग्रह नेताना रॉकेट आधी भरपूर उंची गाठून मग आडवा वेग घेऊ शकतं. माणसं असताना ते धोक्याचं ठरतं. उंचीवरून आडव्या वेगाविना पडणारं यान सरळ खाली येतं, दाट हवेत एकदम घुसतं आणि गचकन थांबतं. तो दाब माणसाला झेपेलच असं नाही. ५ एप्रिल १९७५ला वासिली लाझारेव आणि ओलेग मकारोव यांना तो अनुभव आला. टप्पा नीट सुटला नाही, यान सुटं झालं तेव्हा रॉकेटचं तोंड खाली झुकलेलं होतं, आणि उतरताना २१ जीहून जास्त दाब आला. यान अल्ताईच्या बर्फाळ उतारावर पडलं आणि कड्याच्या दिशेने घसरत गेलं. पॅराशूट झाडोऱ्यात अडकलं म्हणून ते दोघे वाचले. म्हणूनच माणसांसाठी वाट मुद्दाम सपाट आखतात, इंधन जास्त लागलं तरी. बोइंगचं स्टारलायनर नेणाऱ्या अ‍ॅटलास रॉकेटच्या वरच्या टप्प्याला एरवी बहुतेकदा एक इंजिन असतं, स्टारलायनरसाठी दोन बसवली. सपाट वाटेने जाताना लागणारा जोर त्यातून मिळतो.

या सगळ्यांत अमेरिकेच्या स्पेस शटलचं कोडं मला फार अस्वस्थ करतं. इतकं देखणं, इतकं हुशार यंत्र, आणि त्यात हा सुळकाच नव्हता. सुरुवातीच्या चार उड्डाणांत दोघांसाठी विमानासारखी बाहेर फेकणारी आसनं होती, पुढे माणसं वाढली तशी तीही काढली. दोन बाजूंना घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे पेटल्यावर दोन मिनिटं थांबवण्याची सोय नाही. २८ जानेवारी १९८६च्या कडाक्याच्या थंडीत चॅलेंजर या शटलच्या बूस्टरच्या सांध्यातलं रबरी कडं आखडलं, तिथून ज्वाळा बाहेर पडली आणि ७३व्या सेकंदाला सगळं विखुरलं. सात माणसं गेली. पण केबिन त्या क्षणी चिंधड्या होऊन उडाली नव्हती. ती बरीचशी शाबूत बाहेर पडली आणि अडीच मिनिटांहून अधिक काळ समुद्राकडे पडत राहिली. आपत्कालीन हवेचे काही डबे कुणीतरी हाताने सुरू केलेले सापडले. तिला बाजूला ओढणारं काही नव्हतं, आणि तिला पॅराशूटही नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकले नव्हते.

कोलंबियाचा अपघात वेगळा दिसतो, पण मुळाशी रचनेचाच प्रश्न आहे. शटल इंधनाच्या टाकीच्या कडेला बांधलेलं असे. १६ जानेवारी २००३ला उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला टाकीवरच्या फेसाचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना तिथूनच तप्त हवा आत शिरली आणि कल्पना चावलासह सातही जण गेले. यान टोकावर असतं, तर त्याच्यावर पडायला वर काही नसतंच. त्यानंतर आलेली बहुतेक यानं पुन्हा टोकावर जाऊन बसली आहेत, आणि त्यांची उष्णतारोधक ढाल परतीपर्यंत खाली झाकलेली असते. नासाने नव्या यानांसाठी अट घातली, की एका मोहिमेत माणसं गमावण्याची शक्यता २७०त एकहून जास्त नसावी. विमानाच्या प्रवासाशी तुलना केली तर हा आकडाही धडकी भरवतो. या क्षेत्रात तो कडक समजला जातो.

मग आपलं गगनयान. तीन माणसांना ४०० किलोमीटरच्या कक्षेत नेण्याचा बेत आहे, आणि रॉकेट आहे एलव्हीएम-३, चंद्रयान-३ ज्यावरून गेलं तेच. पण 'तेच' म्हणताना जपून, कारण माणसांसाठी त्याची नव्याने पारख करावी लागते. रॉकेटचा सांगाडा अपेक्षित भारापेक्षा किती जास्त सोसेल, याचं प्रमाण माल नेणाऱ्या रॉकेटात साधारण १.२५ पट ठेवतात, माणसांसाठी १.४ पट. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यासाठी प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा. संगणक एकाच्या जागी अनेक, म्हणजे एक चुकला तर इतरांनी सावरायचं.

एलव्हीएम-३ ला दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे घन इंधनाचे बूस्टर आहेत, प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन. दोन्ही मिळून सेकंदाला तीनेक टन जाळतात. चॅलेंजरची गोष्ट आठवली की इथे छातीत धस्स होतं, म्हणूनच माणसांसाठीच्या बूस्टरमध्ये सांध्यांवर जास्तीचं संरक्षण आणि उष्णतारोधक थर वाढवला आहे. मे २०२२मध्ये श्रीहरिकोट्याला तो जमिनीवर बांधून पूर्ण जाळून पाहिला. या बूस्टरच्या कवचाचा गगनयानासाठीचा पहिला भाग २०२०मध्ये आपल्या पवईत, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तयार झाला. मधल्या टप्प्याची 'विकास' नावाची इंजिनं गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनतात. रोज त्या रस्त्याने लोकल पकडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल! मला स्वतःला उशिरा कळलं, आणि तेव्हापासून विक्रोळी स्टेशन आलं की मान आपोआप वळते.

घन बूस्टर थांबवता येत नाहीत, म्हणजे आपला सुळका जास्त ताकदीचा हवा. पळणाऱ्याचा पाठलाग करणारं रॉकेट अजून जोरातच असणार. त्यासाठी गगनयानाच्या सुटका यंत्रणेत कमी उंचीसाठी वेगळी आणि जास्त उंचीसाठी वेगळी मोटर आहे. पैकी तळावरून सुटका ५ जुलै २०१८ला करून पाहिली होती. भर वेगातली सुटका पाहायची होती २१ ऑक्टोबर २०२३ला.

ती सकाळ मी भाचीबरोबर मोबाईलवर पाहिली. खराब हवेमुळे आठची वेळ पुढे ढकलत पावणेनऊवर आली. उलटी मोजणी पाचवर आली आणि थांबली. संगणकाला इंजिनच्या पेटण्यात काहीतरी वावगं दिसलं होतं. भाचीचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, बिघडलं?" मी म्हटलं, "अगं नाही, हे तर फार चांगलं झालं. त्याने थांबायचं तेव्हा थांबून दाखवलं." चूक शोधून, दुरुस्त करून दहा वाजता रॉकेट उडालं. खाली एकच विकास इंजिन, वर यानाची प्रतिकृती आणि सुळका. बारा किलोमीटरच्या आसपास, आवाजाहून जास्त वेगात असताना सुळक्याने कुपी उचलली. ती १७ किलोमीटरपर्यंत गेली, पॅराशूटं क्रमाने उघडली आणि बंगालच्या उपसागरात किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर ती उतरली. नौदलाने उचलली तेव्हा ती पाण्यात उलटी तरंगत होती. तिला सुलटी करणारी सोय या प्रतिकृतीत नव्हती. गगनयानात एकूण दहा पॅराशूटं असतात, त्यातली मोठी तीन, आणि दोन उघडली तरी काम भागतं.

भाचीने सगळं पाहून झाल्यावर विचारलं, "आणि काहीच बिघडलं नाही, तर तो मनोरा परत आणतात का?" नाही आणत. वाटेत टाकून देतात.

३ एप्रिल १९८४लाही तसंच झालं. मालिशेव, स्त्रेकालोव आणि राकेश शर्मा पाठीवर पडलेले, प्रत्येकाच्या पाठीखाली त्याच्याच मापाचं अस्तर. दोन मिनिटांच्या आसपास टोकावरचा सुळका सुटून बाजूला गेला आणि खाली कझाकस्तानच्या माळावर पडला. त्या दिवशी त्याची गरज लागली नव्हती. बूस्टरही सुटले, आवरण उघडलं, आणि नऊ मिनिटांच्या आत तिघे कक्षेत होते.